अर्धं ताट भाजीचं

घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड भाजीवर पडते. रक्तातल्या साखरेशी सगळ्यात कमी वैर असलेला ताटातला पदार्थ खरं तर तोच. पण तेल कमी करायचं ते भाजीतलं, मीठ कमी करायचं ते भाजीतलं, मसाला वर्ज्य करायचा तोही भाजीतलाच. शेवटी वाटीत जे उरतं ते फिकट, पाणचट, शिजून गळून गेलेलं असतं. बाकीच्यांची भाजी वेगळ्या भांड्यात, खमंग, तेलाचा तवंग आलेली. ज्यानं भाजी सगळ्यात जास्त खायला हवी, त्याच्याच वाट्याला सगळ्यात बेचव भाजी यावी, हे मला पटत नाही. त्यात माया आहेच, पण हिशेबही आहे.

तो हिशेब मला कळला एका कागदावरच्या चित्रावरून. बाबांना मधुमेह निघाल्यावर आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो होतो. त्यांनी कोऱ्या कागदावर एक गोल काढला, मधोमध उभी रेघ मारली आणि डाव्या अर्ध्या भागात लिहिलं, ‘भाजी’. उजव्या अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे केले. एकात प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते. उरलेल्या पावात धान्य किंवा बटाट्यासारखा कंद. ताटाचा आकारही त्यांनी सांगितला, नऊ इंच, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचं ताट ते हेच. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ धरून पाहिला आणि विचारलं, “एवढी भाजी? रोज? दोन्ही वेळा?”

बाई म्हणाल्या, “रोज. दोन्ही वेळा.”

बाबांचा प्रश्न रास्त होता. ताटाचा अर्धा भाग भरायचा तर भरगच्च दीड-दोन वाटी भाजी लागते. बेचव भाजी माणूस किती खाईल? चार घास, सांगणाऱ्याचं मन राखायला आणखी दोन. मग भूक उरते आणि ती भागते धान्यावर, जिथे साखरेचा खरा प्रश्न असतो. म्हणजे भाजीची चव काढून घेतली की ताटातलं गणितच उलटं होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं की बाबांच्या अर्ध्या ताटात जे पडेल ते ताटातलं सगळ्यात चविष्ट असलं पाहिजे, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच खाल्लं पाहिजे. दुसरं भांडं चढणार नाही.

भाजीला ही शिक्षा कुठून लागली याचा शोध घेताना मी शंभर वर्षं मागे गेले, आणि तिथे जे वाचलं ते अजून मनातून जात नाही. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी मधुमेहावर, विशेषतः मुलांच्या मधुमेहावर, एकच उपाय हाताशी होता: उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर होते, त्यांची ही पद्धत. लघवीतून साखर जाणं थांबेपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं आणि मग मोजूनमापून, जेमतेम जगेल इतकंच द्यायचं. त्या काळात पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून रुग्णांना तीनदा उकळलेल्या भाज्या देत. भाजी उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायचं, पुन्हा एकदा. असं करून तिच्यातली जेवढी म्हणून साखर आणि पिष्ट पाण्यात उतरेल तेवढं काढून टाकायचं. उरायचा तो चोथा.

ॲलन यांच्या रुग्णांमध्ये एलिझाबेथ ह्यूज होती. तिचे वडील तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि तिचं वजन होतं ४५ पौंड. वीस किलो. इन्सुलिन मिळालं, ती सावरली, शिकली, तिनं संसार केला आणि ती १९८१ पर्यंत जगली. ॲलन यांना क्रूर म्हणण्याचं माझं धाडस होत नाही. त्यांच्या उपासमारीनं तग धरलेली काही मुलं इन्सुलिन येईपर्यंत वाचली. पण तो काळ संपून शंभर वर्षं झाली. औषधं आली, घरच्या घरी साखर मोजायची यंत्रं आली, आणि भाजी मात्र अजून कितीतरी घरांत त्याच उकळत्या पाण्यात पडलेली आहे.

त्याच काळात एलियट जॉस्लिन हे बोस्टनचे डॉक्टर भाज्यांच्या याद्या करत होते. त्या याद्यांमधली विभागणी टक्क्यांवर होती: पाच टक्के कर्बोदकं असलेल्या भाज्या एका रांगेत, दहा टक्क्यांच्या दुसऱ्या, वीस टक्क्यांच्या आणखी पुढे. पहिल्या रांगेत पालक, कोबी, फ्लॉवर, काकडी, टोमॅटो. दुसरीत कांदा, गाजर, बीट. बटाटा वीसच्या घरात. ही विभागणी ढोबळ आहे, पण रोजच्या स्वयंपाकाला आजही इतकी उपयोगी दुसरी सापडलेली नाही मला. आजच्या तक्त्यांत पाहिलं तर शंभर ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे ५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातले २ ग्रॅम तंतू, जे साखर म्हणून रक्तात येतच नाहीत. पालकात साडेतीनच्या आसपास, त्यातही दोनाहून जास्त तंतू. फरसबीत ७. गाजर आणि बीट साडेनऊच्या पुढेमागे. मटार साडेचौदा. बटाटा साडेसतरा. रताळं आणि मका विसाच्या जवळ.

या आकड्यांत जिभेला फसवणाऱ्या गोष्टी आहेत. लाल भोपळा गोड लागतो म्हणून कितीतरी जण टाळतात, आणि त्यात शंभर ग्रॅमला साडेसहा ग्रॅम कर्बोदकं आहेत. बटाटा अजिबात गोड लागत नाही आणि त्यातलं पिष्ट पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. जीभ साखर ओळखते, पिष्ट ओळखत नाही. त्यामुळे ‘गोड लागतं ते सोडा’ हा घरोघरचा नियम भाज्यांच्या बाबतीत कामाचा नाही.

गाजराची तर बदनामीच झाली. १९८१ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० धरायचं आणि एखाद्या पदार्थानं रक्तातली साखर त्याच्या तुलनेत किती वर जाते ते पाहायचं. त्या पहिल्या यादीत गाजर नव्वदच्या वर गेलं होतं. नंतरच्या मोजण्यांत ते पन्नासच्या खाली आलं, पण तोवर गाजर वाईट हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शिवाय ही चाचणी ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ खायला देऊन करतात. गाजराच्या बाबतीत ते प्रमाण होतं पाऊण किलोच्या जवळपास. एका बैठकीत पाऊण किलो गाजरं कोण खातं? पदार्थ किती वेगानं साखर वाढवतो याबरोबर तो आपण किती खातो हेही बघितलं पाहिजे, म्हणून १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड हे दुसरं माप आणलं. मी तर एवढंच धरून चालते की भाजीत गाजर पडलं तर पडू दे. दुसऱ्या भाजीला रंग आणि गोडी देण्यापुरतं ते हवंच.

आता कढईकडे येते, कारण माझा जीव तिथे रमतो.

भाजीला चव येते चार गोष्टींनी: मीठ, आंबटपणा, थोडं तेल-तूप आणि करपू न देता आणलेला तांबूसपणा. यातल्या चौथ्या गोष्टीला एका ग्रॅमचीही कर्बोदकं लागत नाहीत आणि आपण नेमकी तीच विसरतो. पाणी शंभर अंशांवर उकळतं. कढईत पाणी आहे तोवर भाजी त्याच्या वर तापत नाही, आणि खमंग रंग यायला १४० अंशांच्या आसपासची आच लागते. म्हणजे भाजी पाण्यात शिजत राहिली तर ती मऊ होईल, खमंग कधीच होणार नाही.

फ्लॉवरवर हे सगळ्यात छान दिसतं. मी तुरे हातानं न तोडता सुरीनं उभे चिरते, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक सपाट बाजू मिळते. तो सपाटपणाच पुढे कामी येतो. धुतलेले तुरे फडक्यावर पसरून कोरडे होऊ द्यायचे. ओला फ्लॉवर आधी वाफेवरच शिजतो. मोठ्या गड्ड्याला दोन टेबलस्पून तेल, मीठ, मिरपूड, थोडं ठेचलेलं जिरं. हातानंच चोळायचं, म्हणजे प्रत्येक कंगोऱ्याला तेल लागतं. ओव्हन असेल तर २२० अंश, ट्रेमध्ये सपाट बाजू खाली, आणि तुकड्यांमध्ये बोटभर अंतर. गर्दी केली की एकमेकांची वाफ एकमेकांना लागते. वीस मिनिटांनी उघडून पाहिलं तर खालची बाजू गडद तांबूस झालेली असते, तुऱ्यांच्या कडा कुरकुरीत आणि देठ सुरी सहज आत जाईल इतपत मऊ. मग उलटवून आणखी पाच-सात मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पसरट भांडं घ्यायचं. आधी पाव वाटी पाणी घालून झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ, मग झाकण काढून पाणी आटू द्यायचं, तेल घालायचं आणि हात बांधून उभं राहायचं. ढवळायचं नाही. हे सगळ्यात अवघड. सतत ढवळलं की कुठलाच तुकडा तळाशी टिकत नाही आणि रंग येत नाही. उतरवल्यावर वरून लिंबू पिळायचं आणि भाजलेले तीळ घालायचे. बाबांनी हा फ्लॉवर पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाले, “यात साखर घातलीयस का गं?” फ्लॉवरची स्वतःचीच गोडी होती ती, पाणी उडून गेल्यावर एकवटलेली.

एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर त्याचा हिशेब ठेवलाच पाहिजे, तेल सैल हातानं ओतून चालत नाही. पण शून्य तेलाचा हट्ट मी धरत नाही. गाजर, पालक, भोपळा यांच्यातली कॅरोटिनॉइड्स ही रंगद्रव्यं शरीरात शोषली जायला थोडा स्निग्धांश लागतोच. आणि तेलानं रक्तातली साखर चढत नाही. चार जणांच्या भाजीत दोन चमचे मोजून घातले तर एकेकाच्या वाट्याला अर्धा चमचा येतो, एवढ्यानं काही बिघडत नाही.

वांग्याची गोष्ट वेगळी. कच्चं वांगं आतून स्पंजसारखं असतं; कढईतलं तेल बघता बघता पिऊन टाकतं आणि आपण आणखी ओततो. त्यावर उपाय सोपा आहे. फोडी आधी आठ-दहा मिनिटं वाफवून घ्यायच्या. आतल्या हवेच्या पोकळ्या बसतात आणि मग त्याच फोडी चमचाभर तेलात सुंदर परतल्या जातात. किंवा अख्खं वांगं थेट आचेवर सालं काळी होईतो भाजायचं, सोलायचं, गर घोटायचा आणि त्यात लसूण, दही, मीठ, लिंबू. इथे तेलाचं काम धुराचा वास करतो.

फरसबी पाच मिनिटं मिठाच्या उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता. मग चाळणीत, मग परातीत पसरून गार. नंतर लसणीवर दोन मिनिटं परतायची आणि वरून बदामाचे किंवा शेंगदाण्याचे जाडसर तुकडे. लिंबू मात्र वाढताना. आधी घातलं तर आम्लानं हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि शेंगा शेवाळी, मळकट दिसायला लागतात. हिरवेपणासाठी काही जण खायचा सोडा घालतात. तो घालू नये. त्यानं शेंगा गिळगिळीत होतात, काही जीवनसत्त्वं जातात आणि अंगात जास्तीचं सोडियम जातं ते वेगळंच.

मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. कोरड्या तापलेल्या भांड्यात टाकायचे, आधी पाणी सुटू द्यायचं, ते आटू द्यायचं आणि मगच तेल-मीठ. कोबी फार वेळ शिजला की वास मारतो. त्याच्या जाड फोडी करून मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी भराभर डागून घ्याव्यात. पालेभाज्या शिजून मूठभर होतात, तेव्हा आपण चिरताना कितीही वाटली तरी आणखी एक जुडी घ्यावी. दुधी, काकडी, ढोबळी मिरची यांच्याबद्दल मला विशेष सांगण्यासारखं नाही; त्या कशाही बऱ्या लागतात.

साखर भाजीत शिरते ती भाजीतून नव्हे, तिच्या सोबत्यांतून. रस दाट व्हावा म्हणून घातलेलं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर. चव सारखी करायला म्हणून चिमूट-चिमूट करत चमचाभर साखर. बाटलीतले सॉस. टोमॅटो केचपच्या एका टेबलस्पूनमध्ये सुमारे ४ ग्रॅम साखर असते आणि आपण तो चमच्यानं मोजून कुठे घेतो? डब्यावरची पोषणाची चौकट वाचायची सवय बाबांनी स्वतःहून लावून घेतली. आता घरात कुठलीही नवी बाटली आली की ती आधी त्यांच्या हातात जाते. दाटपणा हवा असेल तर मी शिजलेल्या फ्लॉवरचे चार तुरे वाटून घालते, नाहीतर दाण्याचं, तिळाचं किंवा बदामाचं कूट, नाहीतर फेटलेलं दही. टोमॅटो आंबट असला तर कांदा मंद आचेवर जास्त वेळ परतते. साखर घालायची वेळ येत नाही.

मिठाचं पथ्य खरं आहे, ते मी सोडत नाही. मधुमेहाबरोबर रक्तदाब असतोच पुष्कळांना. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. इथे आंबटपणा मदतीला येतो. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, आमचूर यांतलं काहीही वाढायच्या आधी घातलं की कमी मीठही पुरेसं लागतं. भाजलेल्या जिऱ्यानं, लसणीनं, हिरव्या मिरचीनंही तेच होतं. अळणी वाटते ती भाजी मिठावाचून नव्हे, बाकी काहीच न घातल्यामुळे.

मग जेवायचा क्रम. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेली अकरा माणसं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणारी. जेवण तेच, फक्त क्रम वेगळा. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, आणि पंधरा मिनिटांनी कोंबडी, सॅलड आणि वाफवलेली ब्रोकोली; दुसऱ्या वेळी उलट. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी निघाली. माणसं थोडी होती, म्हणून त्यावर मोठा इमला बांधू नये. पण हा प्रयोग घरी करायला काही खर्च नाही. आमच्याकडे आता भाजीचं भांडं सगळ्यात आधी टेबलावर येतं. भूक लागलेली असते, दुसरं काही समोर नसतं, त्यामुळे पहिली वाटी सहज संपते. बाबांची अर्ध्या ताटाविषयीची तक्रार ज्या दिवशी मी भाजी आधी वाढायला लागले त्या दिवसापासून विरली.

कुठली भाजी आपल्याला किती मानवते हे शेवटी आपलं ग्लुकोमीटरच सांगतं. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. एकाच प्रकारचं जेवण, भाजी बदलून. बाबा आकडे वहीत लिहितात आणि पुढे भाजीचं नाव. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत असावा असं सांगतात, पण वय, औषधं, इतर आजार पाहून डॉक्टर ज्याचं त्याचं लक्ष्य ठरवतात. त्या वहीत मटार-बटाट्याचा दिवस आणि कोबीचा दिवस यांत जो फरक दिसतो, तो माझ्या शंभर सांगण्यांपेक्षा बाबांना जास्त पटतो.

इथे काही गोष्टी कळकळीनं सांगते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कुणी उत्साहानं धान्य एकदम अर्ध्यावर आणलं आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर खाली घसरू शकते. हात थरथरणं, घाम, घाबरल्यासारखं होणं आणि यंत्रावर ७० च्या खालचा आकडा. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच १५ ग्रॅम झटपट मिळणारी साखर द्यायची, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप फळाचा रस, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्या वेळी भाजी कामाची नाही. ताट बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं ते याचसाठी. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या, कारण त्यांतलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या उलट काम करतं. आणि कारल्याचा रस पिऊन औषध सोडणाऱ्यांना तर हात जोडून विनंती. २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं कारल्यावरच्या चाचण्या तपासल्या आणि मधुमेहावर त्याची शिफारस करावी इतका पुरावा नाही असंच म्हटलं. कारलं भाजी म्हणून खावं. कडवटपणा आवडत असेल तर त्यासारखी भाजी नाही.

मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर मात्र भाजीचा सगळा विचार नव्यानं करावा लागतो. रक्तात पोटॅशियम वाढत असेल तर पालक, टोमॅटो, बटाटा यांच्यावर मर्यादा येते, आणि कधी कधी भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगतात, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या उकळण्याला इथे खरंच जागा आहे. अशा घरांतल्या स्वयंपाक करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की उकळून पाणी टाकल्यावर तिथेच थांबू नका. ती भाजी कोरडी करा, तापलेल्या कढईत चमचाभर तेलावर डागून घ्या, लसूण आणि मिरपूड घाला, लिंबू पिळा. पोटॅशियम पाण्याबरोबर गेलं, चव परत आणता येते. फक्त मिठाऐवजी मिळणारे ‘लो सोडियम’ क्षार अशा वेळी वापरू नका. त्यांतल्या पुष्कळांत सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.

राहता राहिला बटाटा. बाबांचा जीव त्याच्यात आहे आणि तो कायमचा बंद करायचा विचार मी कधी केला नाही. त्याची जागा तेवढी बदलली. तो भाजीच्या अर्ध्यातून उठून धान्याच्या पावात गेला. बटाटा आहे त्या वेळी त्या पावात दुसरं काही नाही. आदल्या दिवशी सालीसकट उकडते आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. गार होताना त्यातल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट होतो की लहान आतड्यात तो पचत नाही. फरक फार मोठा नाही, पण आहे, आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यातला काही टिकतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोडी, तेवढीच शिजवलेली फरसबी, बारीक चिरलेला कांदा, व्हिनेगर, थोडी मोहरीची चटणी आणि भरपूर कोथिंबीर. शेजारी ताटाच्या अर्ध्यात तोच डागलेला फ्लॉवर. बाबा फोडी मोजून घेतात, वहीत ‘बटाटा’ असं ठळक अक्षरात लिहितात, आणि दोन तासांनी मोजलेला आकडा जेवणाआधीच्या आकड्याशेजारी मांडून मला आणून दाखवतात.